चार बोटं वर

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा. लहानपणी कीर्तनात हे ऐकलं तेव्हा नवल वाटलं नव्हतं. आयुष्यभर खरं बोलणाऱ्या माणसाला एवढी सवलत मिळायचीच, असं वाटलं होतं. पुढं अश्वत्थाम्याच्या बाबतीत तो अर्धं वाक्य मोठ्यानं आणि अर्धं तोंडातल्या तोंडात बोलला, आणि रथ धाडकन खाली आला. चार बोटं म्हणजे साधारण सात सेंटिमीटर. शांघायची चुंबकीय रेल्वे ताशी ४३१ किलोमीटर वेगानं धावायची म्हणून जगभर गाजली, पण तिच्यात आणि तिच्या मार्गात फट असते जेमतेम एक सेंटिमीटरची. म्हणजे शांघायपेक्षा धर्मराजाच अजून वर आहे. त्याचं इंधन मात्र आता बाजारात मिळत नाही.

रथ गेला, पण चार बोटं वर चालायची हौस गेली नाही. १९८९ साली ‘बॅक टू द फ्यूचर’चा दुसरा भाग आला. त्यात एक पोरगा चाकं नसलेल्या फळीवर उभा राहून हवेतून सुळकन जातो, आणि सिनेमातला तो दिवस असतो २१ ऑक्टोबर २०१५. तेव्हापासून जगभरची पोरं त्या तारखेची वाट बघत होती. तारीख आली आणि गेली. त्याच सुमारास होव्हरबोर्ड या नावाची एक वस्तू खरोखरच दुकानात आली आणि यथावकाश सांगली-साताऱ्याच्या खेळण्यांच्या दुकानांतही पोचली. दोन चाकं, पोटात बॅटरी, कडेला निळे दिवे. त्यात तरंगत काहीच नाही. वर उभा राहिलेला पोरगा तेवढा क्षणभर हवेत असतो, तोही पडता पडता.

पण खरा प्रश्न उरतोच. चुंबकाच्या जोरावर माणूस फळीवर उभा राहून हवेत तरंगत जाईल का? आणि गेलाच, तर साताऱ्याहून सांगलीला जाईल का? पहिल्या प्रश्नाला शास्त्रज्ञ उत्तर देतात. दुसऱ्याकडं फारसं कुणी बघत नाही, म्हणून तो माझ्याकडं आला आहे.

आमच्या भागातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात चुंबकीय रेल्वे हमखास असते. फसफसणारा ज्वालामुखी आणि थर्मोकोलच्या शेतातलं ठिबक सिंचन यांच्या मधल्या टेबलावर ती मांडलेली असते. चुंबक बहुधा फुटक्या स्पीकरमधून काढलेलं असतं; जत्रा आणि लग्नसराईच्या कृपेनं आपल्याकडं फुटक्या स्पीकरचा तुटवडा नाही. हे काळं, कडेला टवके उडालेलं गोल कडं हातात घ्यावं. दुसरं कडं त्याच्यावर, सारखं तोंड सारख्या तोंडाला करून दाबावं. हाताला जे जाणवतं ते कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही: मध्ये काही नाही आणि तरी काहीतरी गुबगुबीत, हट्टी, बोटांखालून बाजूला सटकणारं आहे. जोर लावला की वरचं कडं सरळ खाली येत नाही, आडवं पळतं, पळता पळता उलटं होतं आणि ‘टप्’ करून खालच्याला चिकटतं. बोट मध्ये सापडलं तर पाणी येतं डोळ्यात.

आता त्याच दोन कड्यांच्या मधून पेन्सिल घालावी. वरचं कडं पेन्सिलीला धरून हवेत राहतं. टिचकी मारली तर खालीवर डुलतं. पोरं टाळ्या वाजवतात आणि बघणारे मोठेही खाली वाकून मध्ये काच-बिच आहे का ते बघतात. एका प्रदर्शनात मी रेल्वेवाल्या मुलाला विचारलं, “गाडी तरंगते ती कशानं?” तो म्हणाला, “चुंबकानं, सर.” “मग कडेच्या या पट्ट्या कशाला?” त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. “पट्टी नसली तर भाईर पडत्याय न्हवं का!”

या पोराला ठाऊक नव्हतं, पण तो सॅम्युएल अर्नशॉचा सिद्धांत सांगत होता. अर्नशॉ हा शेफील्डचा पाद्री आणि गणिती. १८४२ साली त्यानं सिद्ध केलं, की अशा प्रकारच्या बलांच्या नुसत्या मांडणीतून एखादा कण हवेत स्थिर उभा राहूच शकत नाही. तो विचार करत होता प्रकाशाला वाहून नेणाऱ्या ईथरचा. ईथर पुढं निकालात निघाला, सिद्धांत मात्र चुंबकांच्या मानगुटीवर कायमचा बसला. साधी चुंबकं कितीही हुशारीनं मांडा. खालीवर सांभाळलं तर वस्तू आडवी सुटते, आडवं सांभाळलं तर खालीवर सुटते. तिन्ही दिशा एकदम राखणं साध्या चुंबकांना जमत नाही. म्हणून पेन्सिल. म्हणून पट्टी.

गंमत म्हणजे ही गोष्ट दंतकथांनाही ठाऊक असावी. तेराव्या शतकातल्या झकारिया अल-कझविनीनं लिहून ठेवलं आहे, की सोमनाथची मूर्ती वरून साखळी नाही, खालून टेकू नाही अशी अधांतरी होती. कुणीतरी शंका काढली की वरचं छत लोहचुंबकाच्या दगडाचं आणि मूर्ती लोखंडाची असणार. छताचे दगड काढले तशी मूर्ती एका अंगाला कलली आणि कलत कलत खाली आली. गझनीच्या महमूदाच्या स्वारीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही कथा, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. तिच्यातलं तरंगणंही अर्नशॉला मान्य झालं नसतं. पण ते एका अंगाला कलणं! तेवढं मात्र लिहिणाऱ्यानं चुंबक हातात घेऊनच लिहिलं असावं असं वाटतं.

विज्ञान प्रदर्शनात परीक्षकाच्या खुर्चीवर बसलं की आणखी एक प्रश्न दरवेळी येतो. पृथ्वी स्वतःच एक भलंमोठं चुंबक आहे. मग फळीला चुंबक लावून तिच्यावरच का तरंगू नये? रस्ता फुकटात मिळेल. प्रश्न चांगला आहे, पण पृथ्वीचं चुंबक मोठं असलं तरी आपल्यापर्यंत पोचेतो अगदी मवाळ झालेलं असतं. आपल्याकडं ते चाळीसेक मायक्रोटेस्ला भरतं. फ्रिजच्या दारावर गणपती चिकटवून ठेवणारं चुंबक त्याच्या शंभरपट तरी जोरकस असतं. शिवाय खोली-दोन खोल्यांच्या अंतरात पृथ्वीचा जोर बदलत नाही, आणि चुंबकाला ओढायला किंवा ढकलायला जोर इथं जास्त, तिथं कमी असा फरक लागतो. म्हणून होकायंत्राची सुई उत्तरेकडं तोंड करते, पण उत्तरेकडं पळत सुटत नाही.

हे मवाळ चुंबकत्व मोजणाऱ्यांना मात्र भलतं जपावं लागतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४च्या सुमारास बाडबिस्तरा उचलून अलिबागला गेलं. उद्या होव्हरबोर्डवाले मांडव्याच्या बोटीतून उतरायला लागले तर त्या बिचाऱ्यांनी कुठं जायचं?

आणि पृथ्वीच्या याच मवाळ चुंबकानं साताऱ्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही. अजिंक्यताऱ्याचा, यवतेश्वरचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. हाच खडक झिजून कृष्णेच्या वाळूत येतो; दोऱ्याला चुंबक बांधून वाळूतून ओढलं तर त्याला काळी दाढी फुटते, ती याच कणांची. लाव्हा थिजताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आणि कल धरून ठेवला. १९५०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकातला हा कल मोजला, तर तो विषुववृत्ताच्या बऱ्याच खालचा, दक्षिण गोलार्धातला निघाला. म्हणजे हा सबंध मुलूख तिकडून इकडं सरकत आला आहे. त्या काळी वर्षाला पंधरा-एक सेंटिमीटर या वेगानं, प्रवाशांना कसलाही धक्का न लावता. सातारा जिल्ह्याचं स्वतःचं वाहन उत्तम चालतं, तक्रार फक्त वेगाची.

असो. अर्नशॉला वळसा घालायच्या वाटा आहेत, आणि माणसानं त्या शोधल्याही.

पहिली वाट बेडकाची. आंद्रे गाइम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथं १९९७ साली सोळा टेस्लाच्या चुंबकात एक जिवंत बेडूक तरंगवला. पाणी चुंबकापासून किंचित दूर पळतं, आणि बेडूक हा बव्हंशी पाणीच. अशा दूर पळणाऱ्या पदार्थांना अर्नशॉचा नियम लागू पडत नाही. बेडूक सुखरूप उतरला. गाइमला २००० साली या कामासाठी गमतीचं इग नोबेल मिळालं आणि २०१० साली ग्राफीनसाठी खरं नोबेल. माणूसही बव्हंशी पाणीच आहे, तेव्हा तोही तत्त्वतः तरंगेल. फक्त तेवढं चुंबक माणसाच्या मापाचं करून ते चालवायला शेजारी वीजकेंद्र बांधावं लागेल, आणि प्रवास चुंबकाच्या पोकळीच्या आतल्या आत करावा लागेल.

दुसरी वाट राखणदाराची. शांघायची रेल्वे खरं तर मार्गावर तरंगत नाही, ती मार्गाला दोन्ही कडांनी कवळा घालून खालून वर ओढली जाते. फट वाढली की विजेचं चुंबक जोर वाढवतं, घटली की कमी करतं, आणि हे क्षणाक्षणाला चालू असतं. तळहातावर काठी उभी करून नाचवणारा जसा हात सारखा हलवत राहतो, तसं. जपानची गाडी तर २०१५च्या एप्रिलमध्ये ताशी ६०३ किलोमीटरपर्यंत गेली. पण ती या वाटेची नाही, तिच्यात अतिवाहक चुंबकं असतात.

तिसरी वाट याच अतिवाहकांची. ती ऐकायला सगळ्यात परदेशी, आणि आमच्या गोठ्यापर्यंत सगळ्यात आधी पोचलेली.

काही पदार्थ भरपूर थंड केले की त्यांतला विजेचा विरोध साफ नाहीसा होतो. कामरलिंग ओनेसनं १९११ साली हे पाऱ्यात पाहिलं. १९३३ साली माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना दिसलं की असा पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटात शिरूच देत नाही, बाहेर हाकलतो. पण त्यासाठी लागणारी थंडी हेलियमची, म्हणजे उणे २६९ अंशांची होती. ती प्रयोगशाळेबाहेर परवडणारी नव्हती. १९८७ साली इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा एक काळा ठिसूळ ठोकळा निघाला, तो उणे १८० अंशांलाच अतिवाहक व्हायला लागला. आणि उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन तर आष्ट्यापासून औंधापर्यंत मोटारसायकलवरून हिंडत असतो.

गाय माजावर आली की फोन जातो. तासाभरात जनावरांचे डॉक्टर येतात, मागं ॲल्युमिनियमचं किटलीएवढं कंटेनर पट्ट्यानं आवळलेलं. गोठ्याच्या दारात ते उतरवतात, झाकण उचलतात. आतून पांढरी वाफ येते, पण ती चुलीच्या धुरासारखी वर जात नाही. कंटेनरच्या काठावरून ओघळते, डॉक्टरांच्या चपलेवर पसरते आणि शेणकुटाजवळ पोचेतो विरून जाते. लहान पोरं तिच्यात पाय घालायला टपलेली असतात. डॉक्टर चिमट्यानं एक बारीक नळी, वाळ्याच्या काडीएवढी, बाहेर काढतात, झटकतात आणि कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवतात. झाकण लगेच बंद, कारण नायट्रोजन उडून जातो. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा आणि गाईची नाराजी. होल्स्टीन वळूचा वंश उणे १९६ अंशांवर झोपून येतो आणि कडब्याच्या वासात जागा होतो. मराठी मुलखाला याचं नवल वाटणं कधीच थांबलं आहे.

नेमका हाच द्रव पोटात भरून लेक्सस कंपनीनं २०१५ साली होव्हरबोर्ड तरंगवला. स्पेनमध्ये, बार्सेलोनाजवळ. फळीच्या पोटात अतिवाहक ठोकळे, भोवती नायट्रोजन, कडेनं तीच आपल्या ओळखीची खाली ओघळणारी वाफ. हे ठोकळे चुंबकाच्या वर गार केले की त्या अंतरावर, त्या जागी अडकून बसतात; ढकललं तरी सुटत नाहीत, फक्त चुंबकांची रांग जिकडं जाईल तिकडं सरकतात. पेन्सिल नको, पट्टी नको, अर्नशॉ गप्प. त्यावर उभ्या राहिलेल्या पट्टीच्या स्केटबोर्डवाल्यांनाही तोल सांभाळायला नव्यानं शिकावं लागलं. चित्रफीत जगभर फिरली, आणि मग कळलं की त्या काँक्रीटच्या खाली सुमारे दोनशे मीटर चुंबकं पुरलेली होती.

मी हे सगळं आमच्या भावकीतल्या एका आबांना सांगितलं. आबांनी जन्मभर गाई पाळल्या, तेव्हा नायट्रोजनच्या भागाला त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, “म्हंजी रस्त्यात आधी चुंबक पुरायचं?”

“हो.”

“आन् पुरल्यालं न्हाय तितं?”

“तिथं फळी खाली.”

“मग ह्यो फळीचा शोध न्हाय बाबा, ह्यो रस्त्याचा शोध हाय.”

यापेक्षा नेमकं मला कुठं वाचायला मिळालेलं नाही. उडणाऱ्या फळीचं आकर्षण असतं ते हे, की रस्ता नको, खड्डे नकोत, वाटेल तिकडं जावं. चुंबकाच्या बाबतीत ते बरोबर उलटं आहे. चाक बिचारं शेणातून, मुरुमातून, उसाच्या सरीतूनही जातं. चुंबकाला मात्र खाली जोडीदार लागतो, तोही अखंड, समोरासमोर, बोटभर अंतरावर. टाळी एका हातानं वाजत नाही.

हा जोडीदार चुंबकाचाच असायला हवा असं नाही, तांब्याचाही चालतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही, पण त्याच्यावरून चुंबक वेगानं फिरवलं की तांब्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते चुंबकाला विरोध करतात. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं २०१४ साली याच तत्त्वावर ‘हेन्डो’ नावाचा बोर्ड काढला. त्याच्या पोटात चुंबकं गरागरा फिरतात, तो किंचाळतो, इंचभर वर उचलला जातो आणि काही मिनिटांत बॅटरी संपते. किंमत होती दहा हजार डॉलर. आणि हे सगळं अर्थात तांब्याच्या जमिनीवरच.

तेव्हा सातारा ते सांगली तांबं अंथरायचं ठरवू. अंतर साधारण एकशेवीस किलोमीटर. पट्टा एक मीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड धरू.  बाराशे घनमीटर तांबं. घनमीटरला जवळजवळ नऊ टन, म्हणजे पावणेअकरा हजार टनांच्या आसपास. किलोला आठशे रुपये भाव धरला तर आठशे साठ कोटी रुपये, आणि ही फक्त जाण्याची बाजू. सांगलीहून परत यायचं असेल तर दुप्पट.

पैशाचं एकवेळ बघता येईल. आपल्या राज्यात याहून मोठे आकडे याहून लहान कारणांसाठी बोलले गेले आहेत. अडचण वेगळीच आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला विचारा. रात्रीच्या लायटीची पाळी असते, बॅटरी घेऊन माणूस नदीवर जातो, स्टार्टरचं बटण दाबतो आणि मोटार गप्प. बघतो तर केबल गायब. तांब्याच्या तारेसाठी केबल कापून नेतात, वरचं प्लॅस्टिक कुठंतरी ओढ्यात जाळतात. मोटारीची पाचपन्नास फूट केबल जिथं रात्रीत टिकत नाही, तिथं एकशेवीस किलोमीटर उघडं तांबं पसरायचं! उंब्रजच्या पुढं उद्घाटनाची फळी पोचायच्या आत मागचा रस्ता भंगारात गेलेला असेल, आणि फळीवरचे पाहुणे पुढंही जाऊ शकणार नाहीत, मागंही येऊ शकणार नाहीत.

घर्षणाचाही विचार करायला हवा, कारण घर्षणाची किंमत ते नसलं की कळते. आपण वळतो, थांबतो, चढतो ते रस्त्याला घासून. तरंगणाऱ्या फळीला वळायला कशाचा आधार? यवतेश्वरच्या घाटात तिला कोण वर चढवणार, आणि उतरताना बोगद्यापाशी कोण थांबवणार? लेक्ससची फळी पुरलेल्या चुंबकांच्या वाटेनंच जाते, म्हणून ती निदान दरीत जात नाही. ज्या मोकळेपणासाठी हा खटाटोप, तो मोकळेपणा मिळाला तर पहिल्या वळणालाच अंगाशी येईल.

चुंबक कामाचं नाही असं मात्र कुणी समजू नये. सांगली-साताऱ्यात ते रोज घाम गाळतं, फक्त कुणी त्याच्यावर उभं राहत नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय पडतं! ट्रॉलीच्या साखळीचा तुकडा, नट-बोल्ट, तोडणीत हरवलेला आणि मोळीत बांधला गेलेला एखादा कोयता. हे लोखंड पुढच्या यंत्रात गेलं तर पाती तुटतात आणि गाळप बंद पडतं. म्हणून वाहत्या उसाच्या वर विजेचं मोठं चुंबक टांगलेलं असतं. खालून ऊस सरकत राहतो आणि मधूनच एखादा कोयता उसातून उठून, हवेतून वर जाऊन खाडकन चिकटतो. पाहणाऱ्याला हात नसलेल्या कुणीतरी उचलल्यासारखं वाटतं. अर्नशॉची इथं काही तक्रार नाही, कारण कोयत्यानं अधांतरी राहावं अशी कुणाची अपेक्षा नाही. वर जाऊन चिकटावं, एवढंच.

व्यवहार्य म्हणजे काय, याचा विचार करताना मला कारखान्याच्या या चुंबकाइतकाच किर्लोस्करवाडीचा नांगर आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर केला. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. सुरुवातीला हा नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती मोडायला वर्ष-दोन वर्षं गेली. म्हणजे नांगर चालत होता, पण पटत नव्हता. होव्हरबोर्डचं नेमकं उलटं: तो लहानथोरांना बघताक्षणी पटतो, फक्त चालत नाही. लोकांना पटवण्याचं काम सोपं असतं तर लक्ष्मणरावांनी नांगराऐवजी पुष्पक विमानच विकलं असतं.

तरी समजा उद्या कुणीतरी नेहमीच्या हवेत, बिननायट्रोजनचा चालणारा अतिवाहक शोधला. तसा दावा मधूनमधून होतो, गाजावाजा होतो, इतर प्रयोगशाळा करून बघतात आणि तो बारगळतो. समजा एखादा नाही बारगळला. रस्त्यात चुंबकंही पुरली, आणि पुरलेली जागच्या जागी राहिली. मग पेठ नाक्यावरून सांगलीकडं वळणाऱ्या रस्त्यानं वर्षानुवर्षं दिलेला त्रास एका झटक्यात संपेल, कारण खड्डा कितीही खोल असला तरी फळीला त्याचं काही नाही. पण ठेकेदार खड्डा भरण्याआधी चुंबक काढून घेईल आणि नंतर परत बसवायला नवं टेंडर निघेल, ही शक्यता धरूनच चालावं लागेल.

मग पासिंगचा प्रश्न. साताऱ्याची एमएच ११, सांगलीची एमएच १०, मधल्या कराडची एमएच ५०. फळीवर नंबर कुठं टाकायचा हे नंतर बघू, आधी तिला वाहन म्हणायचं का ते ठरायला हवं. तासवड्याच्या टोल नाक्यावर तर खरी हुज्जत होईल. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नसतो. मग जिला एकही चाक नाही तिला तर मुळीच नसावा, असं फळीवाला म्हणणार. आतला माणूस म्हणणार, यादीत बिनचाकीचा रकानाच नाही, तेव्हा जीपचे पैसे द्या. मागं उसाच्या ट्रॉलीवाले भोंगे वाजवत असणार, आणि फळीवाल्याला बाजूला तरी कसं होता येईल? बाजूला चुंबक नाही.